मदत हवी आहे: संवाद-यंत्रावर 'पडला' जमतं, 'उघडली' अडतं

चित्रबटणांचं संवाद-यंत्र (बोलायला अडचण असलेल्यांसाठी, बटण दाबलं की शब्द बोलणारं) वापरणाऱ्या मुलांना नियमित भूतकाळ शिकवायचा आहे. सुरुवात पडणे, बसणे, उठणे या तिघांनीच. चेंडू टेबलावरून ढकलायचा, जमिनीला टेकला की लगेच 'पड' दाबून धरून 'पडला' निवडायचं; आधी मोठ्यांनी दाबून दाखवायचं. ला-ली-लं यांच्या जागा सगळीकडे सारख्या. (पळणे, उडणे मुद्दाम मागे ठेवलेत, नाहीतर 'पळला' पक्कं होतं.)

घोळ 'उघडणे'पाशी होतो. 'मुलाने खिडकी उघडली' ऐवजी 'मुलगा खिडकी उघडला' येतं, कारण इथे क्रियापदाचं रूप कर्माप्रमाणे (खिडकी – उघडली) बदलतं आणि 'ने'चं बटण दुसऱ्या पानावर आहे. 'मुलाने' असं अख्खं बटण करावं, की 'ने' पहिल्या पानावर आणावं? शिकवणाऱ्यांनी कृपया सांगा.