केदारकंठ्याला बर्फ कमी आणि बुरांश लवकर, झाडांना हे बरं की वाईट?

फिरस्ता_वारजे
जानेवारीअखेर उत्तराखंडातला केदारकंठा ट्रेक करून आलो. पायथ्याच्या सांकरी गावात बर्फाचा पत्ता नाही, वरच्या कॅम्पवर कसाबसा घोटाभर, फोटोपुरता. आणि गावाजवळ चक्क बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉन) फुललेला, लालभडक! गाईड म्हणाला हा आमच्याकडे फेब्रुवारीअखेर नाहीतर मार्चला फुलतो. आता माझा साधा प्रश्न, बर्फ लवकर गेला म्हणजे झाडांना वाढायला जास्तच दिवस मिळाले ना, मग वाईट काय त्यात? कासला कसं, पाऊस लांबला की फुलं लांबतात, लवकर आला की लवकर. तसाच हिशोब ना तिथंही?

रानवेडी_बाणेर
दादा यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. बुरांश हे झाड आहे, त्याच्या कळ्या बर्फाच्या वर हवेत असतात, त्यामुळे तो जास्त करून हवेच्या तापमानावर चालतो, हिवाळा उबदार गेला की लवकर फुलतो. पण वरच्या बुग्यालांमधली (उंचावरची गवताळ कुरणं) बुटकी फुलझाडं अख्खा हिवाळा बर्फाखाली दबलेली असतात, त्यांचं घड्याळ बर्फ गेल्यावर सुरू होतं. म्हणजे बर्फ किती पडला यापेक्षा तो गेला कधी हे महत्त्वाचं.

आणि खरी गोम पुढे आहे. बर्फ महिनाभर आधी वितळला म्हणून थंडीच्या रात्री महिनाभर आधी संपत नाहीत ना! अमेरिकेत कोलोरॅडोत गॉथिक म्हणून जागा आहे, साधारण 2,900 मीटरवर, तिथं डेव्हिड इनौये हे शास्त्रज्ञ 1970 च्या दशकापासून फुलांच्या नोंदी ठेवतायत. तिथल्या एका रानटी सूर्यफुलाच्या कळ्या 1992 ते 1998 मध्ये सरासरी 36 टक्के गोठून जायच्या, 1999 ते 2006 मध्ये तेच प्रमाण 74 टक्क्यांवर गेलं. झाड लवकर जागं होतं, कळ्या धरतं, आणि जूनमधल्या एखाद्या रात्री पारा शून्याखाली गेला की सगळ्या कळ्या काळ्या. झाड मरत नाही, पण त्या वर्षी बी नाही. बी नाही म्हणजे पुढची रोपं नाहीत, ते बी खाणारे किडे उपाशी, फुलांवर येणाऱ्या माशाही उपाशी. त्यामुळे जास्त दिवस मिळाले हे कागदावर ठीक आहे.

खतवाला_मांजरी
वरच्या ताईंनी बरोबर सांगितलं, मातीचं मी सांगतो. बर्फाचा थर चांगला जाड असला तर बाहेर उणे 20 असलं तरी खाली माती शून्याच्या आसपासच राहते, कारण ताज्या बर्फात हवा कोंडलेली असते. थर पातळ झाला की माती खोलवर गोठते. म्हणजे जग तापतंय आणि हिवाळ्यात माती मात्र जास्त गारठतेय, उलटंच! अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये हबर्ड ब्रुकच्या जंगलात लोकांनी हिवाळ्याच्या सुरुवातीला फावड्याने बर्फ काढून टाकून बघितलं, तर शुगर मेपल झाडांची बारीक मुळं मेली आणि जमिनीतला नायट्रेट पाण्याबरोबर वाहून गेला. नायट्रेट कोण उचलणार, मुळंच नाहीत. आपण युरिया टाकला आणि वरून धो धो पाऊस आला की जीव कसा जळतो ते शेतकऱ्याला विचारा.

पेठेतला_नास्तिक
एका ट्रेकवरून क्लायमेट चेंज सिद्ध करायची पुणेकरांची हौस काही जात नाही. वेस्टर्न डिस्टर्बन्स (पश्चिमेकडून हिवाळ्यात येणारी, बर्फ-पाऊस आणणारी वादळं) कमी आले की त्या वर्षी बर्फ कमी, जानेवारी 2024 मध्ये गुलमर्गही कोरडं होतं आणि नंतर फेब्रुवारीत दाबून पडला. एक हिवाळा म्हणजे हवामानबदल नव्हे. बघायचंच असेल तर लांबचा आकडा बघा, 1960 च्या दशकापासून सॅटेलाइटने उत्तर गोलार्धातला बर्फ मोजतायत आणि वसंतातला बर्फ नक्की घटलाय, जूनमध्ये सगळ्यात जास्त. हिमालयापुरतं, काठमांडूच्या इसिमोड या पर्वतीय प्रदेशांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने 2025 साली सांगितलं की बर्फ जमिनीवर टिकण्याचं प्रमाण नेहमीपेक्षा 23.6 टक्के कमी, 23 वर्षांतला नीचांक. याला म्हणतात पुरावा. बुरांशच्या फोटोला नाही.

सफरचंद_प्रेमी
नास्तिकराव, चहा घ्या जरा 😄 माझ्या हॉस्टेलच्या रूममेटची हिमाचलात कोटगढला सफरचंदाची बाग आहे, त्याचं रडगाणं ऐकून पाठ झालंय. जुन्या डेलिशियस जातींना हिवाळ्यात 7 अंशांखालचे साधारण हजारभर तास लागतात, नाहीतर बहर धड एकसाथ येत नाही. हे तास कोरड्या थंडीनेही भरतात, त्याला बर्फच पाहिजे असं नाही. पण बर्फ हळूहळू वितळून जमिनीत मुरतो तो ओलावा कोरडी थंडी कुठून देणार? उतारावरच्या बागा, पाटाचं पाणी नाही, एप्रिलात फूल आणि मेमध्ये फळं सुपारीएवढी असताना जमीन भुसभुशीत कोरडी, की फळगळ सुरू. आता त्या पट्ट्यात लोक बागा वर सरकवतायत, खाली कमी थंडीच्या जाती लावतायत. पण डोंगराला टोक असतं हो, वर वर किती जाणार.

फिरस्ता_वारजे
भारी माहिती, सगळ्यांचे आभार (नास्तिकरावांचेही, फोटो तरी टाकणारच). म्हणजे कासचा हिशोब अर्धाच लागू, कासला फुलं लवकर आली तरी रात्रीत गोठत नाहीत. आता ऑगस्टमध्ये व्हॅली ऑफ फ्लॉवर्स ठरतंय, बर्फ लवकर गेला तर तोपर्यंत फुलं संपतील का?

रानवेडी_बाणेर
संपत नाहीत, सगळी एकदम फुलतच नाहीत. व्हॅली 1 जून ते 31 ऑक्टोबर उघडी असते, लवकर फुलणारी जूनमध्येच उरकतात पण मुख्य बहर जुलै मध्यापासून ऑगस्ट मध्यापर्यंत. बर्फ लवकर गेलेला दिसला तर जुलैचा शेवटचा आठवडा धरा. फक्त पाऊस आणि दरडी जोरात असतात, परतीच्या तिकिटात दोन दिवस जास्तीचे ठेवा, आणि डेहराडूनची ट्रेन असेल तर आत्ताच बघा, नंतर वेटिंगच मिळतं.