राजा स्वेरे कुणाचा मुलगा? माझ्या मते उनासचा

तळटीप:

नॉर्वेच्या स्वेरे सिगुर्डसन राजाबद्दल बरेच दिवस मनात आहे, ते आज लिहून टाकतो. ११७७ मध्ये मूठभर बंडखोरांनी त्याला आपला राजा म्हटलं. ११८४ मध्ये फिमरेइटेच्या आरमारी लढाईत त्याचा प्रतिस्पर्धी राजा माग्नुस एर्लिंगसन पडला. त्यानंतर १२०२ पर्यंत, म्हणजे बर्गनमध्ये अंथरुणावर मरेपर्यंत, गादी त्याच्याकडे राहिली. पुढची शंभरेक वर्षं राज्य बहुतांशी त्याच्याच वंशाकडे होतं.

आता त्याचं मूळ बघा. फेरो बेटांवर किर्क्युबोर नावाचं गाव आहे, तिथल्या बिशपाच्या घरी तो वाढला. बिशप रोए हा उनासचा भाऊ. उनास फण्या बनवायचा. गुनहिल्ड त्याची बायको आणि स्वेरे त्यांचा मुलगा, अशीच सगळ्यांची समजूत. पोरगा शिकला, पाद्री झाला. मग, सागा, म्हणजे स्वेरेची जुनी चरित्रकथा, सांगते त्याप्रमाणे, गुनहिल्ड रोमला यात्रेला गेली. तिथे तिने पापाची कबुली दिली की मुलगा उनासचा नाही, राजा सिगुर्ड मुन्नचा आहे. पोपने सांगितलं, मुलाला खरं काय ते सांग. तिने ११७५ च्या सुमारास सांगितलं, आणि दुसऱ्याच वर्षी स्वेरे नॉर्वेत हजर!

मला हे पटत नाही. सिगुर्ड मुन्न ११५५ मध्ये मारला गेला. वीस वर्षं ही बाई गप्प राहते आणि नेमकी तेव्हा बोलते, जेव्हा खरं-खोटं सांगू शकणारा बाप उरलेला नाही. शिवाय हे सगळं कळतं कुठून, तर आइसलंडच्या कार्ल योनसन या मठाधिपतीने लिहिलेल्या सागेतून. तिच्या प्रस्तावनेतच म्हटलंय की सुरुवातीचा भाग लिहिताना राजा स्वतः शेजारी बसून काय लिहायचं ते ठरवत होता. हा साक्षीदार म्हणायचा की वकील?

मला वाईट वाटतं ते उनासचं. ज्या माणसाच्या नावावर हे पोर वाढलं, त्याला पुढच्या इतिहासात जागाच नाही.

पारिजात७:

उनासबद्दल लिहिलंत ते आवडलं, पण निष्कर्ष घाईचा आहे. "वीस वर्षं गप्प का?" याचं उत्तर त्या वीस वर्षांतच आहे. सिगुर्डच्या मुलांचं काय झालं ते बघा. होकोन हेर्देब्राय लहानपणीच राजा झाला आणि ११६२ मध्ये लढाईत गेला, वय पंधरा. दुसरा मुलगा सिगुर्ड, त्याला ११६३ मध्ये पकडून मारलं. माग्नुसचा बाप एर्लिंग स्काक्के यादवीत राजवंशातल्या एकेकाला वेचून संपवत होता. अशा दिवसांत कुठली आई मुलाला सांगेल की बाबा रे, तूही राजाचाच? मी असते तर मीही गप्प बसले असते.

कोकणकडा:

वयाचा हिशोब कुणी का मांडत नाही? चर्चच्या नियमाप्रमाणे पाद्री व्हायला तीस वर्षं पुरी लागत. ११७६ मध्ये नॉर्वेत आला तेव्हा स्वेरे पाद्री होताच. म्हणजे जन्म ११४६ च्या आधीचा धरावा लागतो. सिगुर्ड मुन्नचा जन्म ११३३ चा. बारा वर्षांचा बाप? माझ्यासाठी विषय इथेच संपतो.

पारिजात७:

नाही संपत. होकोन हेर्देब्रायचा जन्म ११४७ चा, म्हणजे तेव्हा सिगुर्ड चौदाच्या आसपास होता, आणि त्या पितृत्वावर कुणी शंका घेत नाही. आई तोरा, एका घरातली कामकरीण. शिवाय तीस वर्षांचा नियम दूरच्या बेटावर, बिशपच पालनकर्ता असताना, काटेकोर पाळला असेल कशावरून? रूढ साल धरलं, ११५१, तर स्वेरे पंचविसाव्या वर्षी पाद्री होता आणि बाप अठराचा. यात अशक्य काय आहे? "बारा वर्षांचा बाप" हे ऐकायला छान वाटतं, पण ते नियमाच्या पुस्तकातून काढलेलं वय आहे.

तळटीप:

वयाचा मुद्दा मीही वर जाणूनबुजून घेतला नव्हता, तो दोन्हीकडे झुकतो. पण दिव्याचं, म्हणजे खरं-खोटं ठरवायच्या अग्निपरीक्षेचं, काय?

त्या काळी नॉर्वेत पितृत्वाचा वाद तापलेल्या लोखंडावर सुटायचा. लोखंड हातात धरून चालायचं, मग हात बांधून ठेवायचा, काही दिवसांनी सगळ्यांसमोर सोडून बघायचा. आपल्याकडे रवादिव्यात उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढायला लावत आणि मग हात तपासत, त्याच जातीचं हे. आता प्रसंग ऐका. एरिक नावाचा माणूस येतो, म्हणतो मीही सिगुर्ड मुन्नचा मुलगा. स्वेरे म्हणतो, दिव्य कर. तेव्हा सूचना येते की याच दिव्यात तू आणि स्वेरे भाऊ आहात हेही सिद्ध होऊ दे. एरिक सांगतो, मी माझ्या बापासाठी लोखंड उचलेन, दुसऱ्या कुणाच्या बापासाठी नाही. त्याने दिव्य केलं, हात चांगला निघाला, स्वेरेने त्याला भाऊ मानलं, पुढे यार्ल, म्हणजे राजाखालचा मोठा सरदार, केलं. स्वेरेने मात्र स्वतः कधी लोखंडाला हात लावला नाही.

राजाच्या देखरेखीतल्या सागेतसुद्धा हा प्रसंग राहिला आहे. तो झाकता आला नसेल इतका लोकांना माहीत असणार. मी या एका जागेवर अडकलोय.

सांजवेळ:

दिव्य म्हणजे पुरावा नव्हे, हे आज आपण सगळेच मानतो. मग स्वेरेने ते केलं नाही म्हणून तो खोटा कसा ठरतो? भाजलेला हात बरा होतो की चिघळतो, एवढंच त्यातून कळतं. तो सुशिक्षित पाद्री होता, त्याला हे इतरांपेक्षा चांगलं कळत असणार.

आणि सेसिलियाला तुम्ही विसरलात. ती सिगुर्ड मुन्नची मुलगी, सर्वमान्य. तिला एर्लिंगने व्हार्मलांडच्या फोल्कविदला देऊन टाकलं होतं. तिने स्वेरेला भाऊ म्हणून स्वीकारलं. बाहेरच्या तोतयाला घरची मुलगी भाऊ कशाला म्हणेल?

कोकणकडा:

कारण तिचा फायदा होता! स्वेरे राजा झाल्यावर ती नॉर्वेत परत आली, आधीचं लग्न मनाविरुद्ध झालं होतं म्हणून मोडलं, मग बॉर्ड गुटोर्मसनशी लग्न केलं. त्यांचा मुलगा इंगे पुढे १२०४ मध्ये राजा झाला. भाऊ मानल्यावर मिळालं ते थोडं नव्हतं. तिची आत्या ब्रिगिडा, तिच्या घरचं बघा. तिचा नवरा, स्वीडनचा यार्ल बिर्गर ब्रोसा, याने स्वेरेला सुरुवातीला वाटेला लावलं होतं.

सांजवेळ:

फायदा झाला हे खरं. पण एखाद्या बाईला मनाविरुद्ध परमुलखात दिलेलं असताना कुणी तिला "ताई" म्हणून शोधत आलं, तर तिने त्याला भाऊ म्हणणं हा निव्वळ व्यवहार होता असं मी म्हणणार नाही. बिर्गरचं म्हणाल तर तोवर तो दुसऱ्याच दावेदाराच्या, ओयस्टाइन मोयलाच्या मागे उभा होता. ओयस्टाइन जानेवारी ११७७ मध्ये रेच्या लढाईत मेला, आणि त्याच्या उरलेल्या बिर्कबाइनरांनी, पायांना भूर्जाची साल गुंडाळणाऱ्या त्या फाटक्या माणसांनी, स्वेरेला पुढे केलं. मग बिर्गरही वळला.

उत्तरायण:

तुम्ही सगळे सिगुर्ड मुन्नपाशी थांबता. त्याचा बाप कोण? हाराल्ड गिले. हा आयर्लंडकडून आला आणि म्हणाला, मी अनवाणी माग्नुस राजाचा मुलगा. माग्नुस ११०३ मध्येच अल्स्टरमध्ये मेलेला. पुरावा काय, तर नऊ तापलेल्या नांगराच्या फाळांवरून चालला आणि पाय शाबूत निघाले. म्हणजे ज्या घराण्यात स्वेरे घुसला असं म्हणता, ते घराणंच नऊ फाळांवर उभं.

आणि त्याचा विरोधक माग्नुस एर्लिंगसन तरी कुठला राजपुत्र? त्याची आई क्रिस्टिन ही जेरुसलेमला गेलेल्या सिगुर्ड राजाची मुलगी, म्हणजे हा मुलीचा मुलगा. जुन्या रिवाजाप्रमाणे राजाचा कुठलाही मुलगा, औरस असो की नसो, हक्कदार. मुलीचा मुलगा नाही. त्यासाठी ११६३ चा नवा वारसा कायदा आणि आर्चबिशपाच्या हातचा मुकुट लागला. त्यामुळे "खरा वंश विरुद्ध खोटा वंश" ही मांडणीच मला मान्य नाही. एकाच्या मागे चर्च होतं, दुसऱ्याच्या मागे आईचा शब्द.

डीएनए तपासा असं कुणी सुचवण्याआधी सांगतो, ज्या ख्रिस्त चर्चमध्ये स्वेरेला पुरलं ते बर्गनचं चर्च १५३१ मध्ये पाडलं गेलं. थडगंच उरलेलं नाही.

तळटीप:

उत्तरायण, फाळांचा मुद्दा बिनतोड आहे. तो मान्य करून माझा आग्रह थोडा बदलतो. स्वेरे सिगुर्डचा नव्हता हे मी सिद्ध करू शकत नाही. पण तो स्वतः या प्रश्नाकडे कसा बघत होता, याचं एक चिन्ह मला दिसतं.

मरताना त्याने सगळ्यांसमोर सांगितलं की होकोनशिवाय माझा दुसरा जिवंत मुलगा नाही, पुढे कुणी तसं म्हणत आला तरी. ज्या दारातून आपण आत आलो ते दार किती सहज उघडतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? मला त्यात भीती दिसते.

पारिजात७:

मला त्यात बापाची काळजी दिसते. होकोनही दोनच वर्षांत मेला, १२०४ मध्ये. त्याच्यामागे वारतैगच्या इंगाला मुलगा झाला. दोन वर्षांच्या त्या पोराला बिर्कबाइनरांनी १२०६ च्या हिवाळ्यात स्कीवरून डोंगरापलीकडे नेलं. आणि १२१८ मध्ये, तो तेरा-चौदा वर्षांचा राजा असताना, त्याचा बाप कोण हे ठरवायला बर्गनमध्ये इंगाने तापलेलं लोखंड उचललं. त्याआधी कुणीतरी तिच्या बाजूच्या माणसाला भाजलेलं लगेच बरं करणारी वनस्पती देऊ केली होती. ती घेतली नाही.

गुनहिल्डवर शंका घ्या, हरकत नाही. पण स्वेरेने जे केलं नाही ते त्याच्या सुनेने केलं.

तळटीप:

सून म्हणता येईल का? लग्न झालेलं नव्हतं. म्हणून तर १२४६ मध्ये पोपकडून त्या मुलासाठी, होकोन होकोनसनसाठी, अनौरसपणाची माफी आणावी लागली, तेव्हा कुठे १२४७ मध्ये त्याच्या डोक्यावर मुकुट आला. इंगाबद्दल मात्र तुमचं म्हणणं पूर्ण मान्य.