होम लोन फिटलं, नो ड्यूज मिळालं, पण घराचे मूळ कागद बँक देईना – काय करावं?

मांजराकाठ, लातूर

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागंल पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही मनून लिहायलोय. वडील जिल्हा परिषदेत शिक्षक होते, त्यांच्या आणि माझ्या नावावर जॉइंट होम लोन काढून लातूरला घर बांधलं होतं. दिवाळीच्या आधी राहिलेली रक्कम एकरकमी भरून खातं बंद केलं, बँकेनं नो ड्यूज (काही बाकी नाही असं पत्र) दिलं, सगळे खुश. आता गुढीपाडवा आला तरी मूळ खरेदीखत हातात नाही. शाखेत गेलं की म्हणतात कागद पुण्याच्या सेंट्रल ऑफिसला आहेत, मागवलेत, पुढच्या आठवड्यात या. मधी मॅनेजर बदलले, नवीन साहेब म्हणायलेत की फाईल बघून सांगतो. त्यात वडिलांना गुडघ्यामुळं चालवत नाही आणि बँकवाले म्हणायलेत की दोघांनी येऊन सही केल्याशिवाय कागद द्यायचे नाहीत, पण कागद आलेच नाहीत तर सही कशाची करायची?

खरी अडचण पुढं आहे. घर विकायला काढलंय, बहिणीच्या लग्नाचं बघायचंय, गिऱ्हाईक मिळालं, इसारपावती झाली, आणि त्याच्या बँकेला मूळ खरेदीखत बघितल्याशिवाय लोन मंजूर करता येईना. इसारपावतीत खरेदीखताची मुदत लिहिलेली आहे आणि ती जवळ आलीय. शिवाय सातबाऱ्यावर इतर अधिकारात अजून बँकेचा बोजा दिसायलाय (आमची वसाहत महापालिकेत आलीय पण सिटी सर्व्हे झालेला नाही, म्हणून सातबाराच चालतो). कुणाला अनुभव असेल तर सांगा. कोर्टात जायची तयारी नाही, तेवढा वेळच नाही.

निवृत्त बँकवाला, नांदेड

भाऊ, आधी घाबरू नका, नियम पूर्ण तुमच्या बाजूचा आहे. रिझर्व्ह बँकेनं १३ सप्टेंबर २०२३ ला सर्क्युलर काढलंय. लोन पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांच्या आत सगळे मूळ कागद परत द्यायचे आणि रजिस्ट्रीत नोंदवलेला चार्ज, म्हणजे गहाणाची नोंद, पण काढायचा. बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये ग्राहकाला द्यायचे. १ डिसेंबर २०२३ पासून पुढं ज्यांचे कागद परत द्यायची वेळ आली त्या सगळ्यांना हे लागू आहे, मग लोन कितीही जुनं असो. सरकारी बँक, खाजगी बँक, सहकारी बँक, हाउसिंग फायनान्स कंपनी, सगळ्यांना. हिशोब करून बघा, महिन्याला दीड लाख होतात.

पण यातला "बँकेच्या चुकीनं" हा शब्द लक्षात ठेवा, कारण सगळी मेख तिथंच आहे. आजपर्यंत तुम्ही जे काही बोललात ते तोंडी. उद्या बँक म्हणंल की ग्राहक न्यायलाच आला नाही, आम्ही तर तयार होतो, मग तुम्ही काय दाखवणार? मी शाखेत असताना हेच बघितलंय, ज्याचा अर्ज आवक रजिस्टरला चढला त्याचं काम वर कळवलं जायचं आणि जो काउंटरवर विचारून जायचा त्याची कुठंच नोंद नसायची. म्हणून उद्याच्या उद्या साधा अर्ज लिहा, लोन खातं नंबर, शेवटचा भरणा कोणत्या तारखेला केला, नो ड्यूजची तारीख, ३० दिवस कधी संपले, आणि खाली स्पष्ट लिहा की त्या तारखेपासून रोज ५,००० प्रमाणे भरपाई मिळावी आणि उशिराचं कारण लेखी कळवावं. कारण लेखी कळवणं हे पण त्याच सर्क्युलरमध्ये बँकेवर बंधनकारक आहे. दुसऱ्या कॉपीवर शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर रजिस्टर पोस्टानं पोचपावतीसह पाठवा आणि तोच अर्ज ईमेलनं नोडल ऑफिसरला (बँकेचा तक्रारी बघणारा अधिकारी), त्याचा पत्ता बँकेच्या वेबसाईटवर असतोच.

वडिलांच्या सहीचं म्हणाल तर बऱ्याच बँकांत अधिकारपत्र चालतं, वडिलांनी तुमच्या नावानं लिहून द्यायचं, सही बँकेतल्या नमुन्याशी जुळली पाहिजे एवढंच. आणि पुण्याला बोलावलं तर जाऊ नका, जिथं लोन खातं होतं त्या शाखेतून कागद घ्यायचा पर्याय ग्राहकाचा आहे.

एक विचारायचं राहिलं, मुदतीआधी बंद केलं तर फोरक्लोजर चार्ज म्हणून काही कापलं का? फ्लोटिंग रेटच्या, म्हणजे बदलत्या व्याजदराच्या होम लोनला व्यक्तीकडून तो घेता येत नाही. कापला असंल तर त्याच अर्जात परत मागा.

बीडकर

काका, माफ करा पण हे सगळं कागदावर छान वाटतं, आमच्याकडं कुठली बँक रोज पाच हजार देते? उगी भांडण वाढवून उद्या त्यांनी कागद हरवले म्हणलं तर हा बिचारा काय करणार?

निवृत्त बँकवाला, नांदेड

बीडकर, हरवले तर त्याचंही उत्तर त्यातच आहे. कागद हरवला किंवा खराब झाला तर डुप्लिकेट किंवा प्रमाणित प्रत काढायला बँकेनं मदत करायची आणि त्याचा खर्च पण बँकेनं सोसायचा, भरपाई द्यायची ती वेगळी. तेवढ्यासाठी बँकेला ३० दिवस जास्तीचे मिळतात, म्हणजे एकूण ६० दिवसांनंतर भरपाईचं मीटर सुरू होतं. आणि पैसे मिळोत न मिळोत, मागणी लेखी करायचीच. पहिल्या अर्जात जे मागितलं नाही ते पुढं लोकपालाकडं मागणं अवघड जातं. अर्ज देऊन ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटणारं उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं सीएमएस या तक्रार पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करायची, फी नाही, १४४४८ वर फोन करून माहिती मिळते. वकिलामार्फत करू नका, स्वतःच्या नावानं करा, वकिलानं केलेली तक्रार तिथं घेत नाहीत. बँका या तक्रारीला घाबरतात, कारण त्याची नोंद वर जाते.

बीडकर

बरं, समजलं. मग माझंच विचारतो, आमच्या चुलत्यानं पतसंस्थेकडून प्लॉट गहाण ठेवून कर्ज घेतलं होतं, फेडलं, आणि संस्थेला आता कुलूप आहे. त्याला हा नियम लावता येतो का?

संभाजीनगरची वकील

दादा, नाही. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येतच नाही, नावात बँकेसारखं काही असलं तरी. ती राज्याच्या सहकार कायद्याखाली चालते, म्हणून तक्रार तालुक्याच्या सहाय्यक निबंधकाकडं किंवा जिल्हा उपनिबंधकाकडं. मल्टिस्टेट, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत चालणारी असेल तर दिल्लीच्या केंद्रीय निबंधकाकडं जावं लागतं, २०२३ च्या दुरुस्तीत त्यांच्यासाठी सहकार लोकपालाची पण तरतूद आली. संस्थेला कुलूप असेल तर आधी हे शोधा की अवसायक (बंद पडलेल्या संस्थेचा कारभार आवरणारा) किंवा प्रशासक नेमलाय का, कारण मग कागद त्याच्या ताब्यात असतात आणि अर्ज त्याच्या नावानं करायचा असतो. कर्ज फेडल्याच्या सगळ्या पावत्या चुलत्यांनी जपून ठेवल्यात ना? नसतील तर पासबुकाची झेरॉक्स आधी काढून घ्या, पुसट होण्याआधी. आपल्या भागात इतक्या संस्था बुडाल्यात की लोक फक्त ठेवीचं बोलतात, कर्ज फेडलेल्या माणसाचे अडकलेले कागद कुणाच्या लक्षातच येत नाहीत, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

शिवाय जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग दोघांनाही आहे, बँकेच्या कर्जदारालाही आणि पतसंस्थेच्या कर्जदारालाही. सेवेपोटी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची आहे, आणि वकील नसला तरी स्वतः उभं राहता येतं.

लातूरच्या दादांनी एक सांगा, खरेदीखतासोबत बँकेत अजून काय काय दिलं होतं?

मांजराकाठ, लातूर

ताई, खरेदीखत, एनए ऑर्डर, लेआउटची कॉपी, ज्यांच्याकडून प्लॉट घेतला त्यांचं मागचं खरेदीखत, आणि कोरे चेक दिले होते. यादी होती का आठवत नाही.

काका, फोरक्लोजरचं बघितलं, "इतर आकार" मनून काहीतरी कापलंय खरं. अर्जात घालतो.

संभाजीनगरची वकील

यादी असतेच, लोन देताना कागद स्वीकारल्याची पोच बँक देते. घरात शोधा, नाहीतर त्याची प्रत पण अर्जात मागा. कागद मिळतील त्या दिवशी घाईनं सही करू नका. काउंटरवर बसून खरेदीखताचं एकेक पान मोजायचं, शेवटच्या पानांवर दुय्यम निबंधकाचा शिक्का, फोटो आणि अंगठे आहेत का बघायचं, सोबत इंडेक्स टू (नोंदणीचा गोषवारा) आणि नोंदणीची पावती आहे का बघायचं, आणि मागचं खरेदीखत मूळ आहे का त्याची झेरॉक्सच टाचलीय हे पण. काही कमी असेल तर पोचवर "अमुक कागद मिळाला नाही" असं स्वतःच्या अक्षरात लिहून मगच सही.

हे एवढं सांगतेय त्याला कारण आहे. आपल्याकडं जुन्या वस्तीतल्या घरांचे मागचे कागद निजामाच्या काळातले, उर्दूत लिहिलेले असतात. माझ्याकडं आलेल्या एका कुटुंबाला बँकेनं मराठी भाषांतर परत दिलं आणि मूळ उर्दू कागद दिलाच नाही, कारण देणाऱ्याला तो कागद वाचताच येत नव्हता, त्याला वाटलं जुनी रद्दी असेल. त्यांनी सही करून टाकली होती, पुढं सगळं सिद्ध करणं त्यांच्यावर आलं. खरेदीखताची नक्कल आज सहज निघते, पण तेवढ्या जुन्या कागदाची नक्कल काढायला अभिलेख कक्षात धूळ खात बसावं लागतं आणि वाचून देणारा जाणकार पण शोधावा लागतो.

कोरे चेक नंबरसकट परत घ्या. हप्त्याचं ऑटो डेबिट बंद झालंय का बघा. लोनसोबत विमा काढला असेल तर उरलेल्या मुदतीचा प्रीमियम परत मिळणार की पॉलिसी पुढं चालणार हे लेखी विचारा. महिन्याभरानं सिबिल काढून खातं "क्लोज्ड" दिसतंय का बघा. आणि सरसाई, म्हणजे गहाण मालमत्तांची जी केंद्रीय रजिस्ट्री आहे, तिथला चार्ज काढल्याचा पुरावा मागा, गिऱ्हाइकाची बँक तिथं नक्की शोधणार.

निवृत्त मंडळ अधिकारी, परभणी

सातबाऱ्याबद्दल कुणीच सांगितलं नाही म्हणून लिहितो. लोन फिटलं म्हणजे बोजा आपोआप कमी होत नाही. लोक वर्षानुवर्षं तसाच ठेवतात आणि विक्रीच्या वेळी धावपळ करतात. नो ड्यूज वेगळं आणि तलाठ्याच्या नावानं बोजा कमी करण्याचं पत्र वेगळं, ते दुसरं पत्र बँकेकडून मागून घ्या, त्यात गट नंबर, प्लॉट नंबर आणि ज्या फेरफारानं बोजा चढला त्याचा नंबर बरोबर लिहिलेला पाहिजे. एक आकडा चुकला तर फेरफार नामंजूर होतो. मग ई-हक्क प्रणालीवरून "बोजा कमी करणे" हा अर्ज ऑनलाइन टाका, पत्र अपलोड करा. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, फेरफार घेतात, नोटिशीचे १५ दिवस जातात, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी प्रमाणित करतात. म्हणून मूळ कागदांची वाट बघत बसू नका, हे पत्र आजच मागा, दोन्ही कामं सोबत चालू द्या.

आणि लोन काढताना रजिस्टर्ड गहाणखत झालं होतं का नुसते कागद ठेवून घेतले होते हे बघा. रजिस्टर्ड असेल तर ते सोडवून घेतल्याचा लेख पण दुय्यम निबंधकाकडं नोंदवावा लागतो, नाहीतर सर्च रिपोर्टमध्ये गहाण तसंच दिसतं.

मांजराकाठ, लातूर

सगळ्यांचे आभार. काकांनी सांगितल्यासारखा अर्ज दिला. आधी आवकवाला शिक्का मारत नव्हता, ईमेल आधीच नोडल ऑफिसरला गेलाय मनून सांगितलं तेव्हा मारला. दोन दिवसांत शाखेतूनच फोन आला, कागद कुरियरनं निघालेत म्हणे, आणि तलाठ्याचं पत्र हातोहात दिलं. त्यात प्लॉट नंबर चुकला होता, मंडळ अधिकारी साहेबांमुळं लक्षात आलं, बदलून घेतलं आणि ई-हक्कला टाकलं. भरपाईबद्दल काहीच बोलत नाहीत, ती मी सोडणार नाही. गहाणखत रजिस्टर्ड नव्हतं.

पण इसारपावतीची मुदत तोवर संपंल. गिऱ्हाईक चांगला माणूस आहे, म्हणतो थांबतो मी, काळजी करू नका. फक्त म्हणतो की तोवर ताबा द्या, भाड्याचं घर सोडायचंय.

संभाजीनगरची वकील

दादा, माणूस चांगला असला तरी मुदत तोंडी वाढवू नका, तुमच्यासाठीही आणि त्याच्यासाठीही. मुदत संपायच्या आत स्टॅम्प पेपरवर पुरवणी करार करा, मूळ इसारपावतीची तारीख लिहा, बँकेकडून कागद यायला उशीर झाल्यामुळं दोघांच्या संमतीनं मुदत अमुक तारखेपर्यंत वाढवली असं लिहा, इसाराची रक्कम जप्त होणार नाही हे पण लिहा. वडिलांची सही विसरू नका, घर दोघांच्या नावावर आहे. दोन साक्षीदार घ्या.

ताबा मात्र खरेदीखताआधी देऊ नका. ताबा दिला की त्या करारावर खरेदीखताएवढी स्टॅम्प ड्युटी लागते, आणि उद्या त्याचं लोन मंजूर झालं नाही तर घर मोकळं करून घेणं ही वेगळीच लढाई होते. त्याला भाड्याची अडचण असेल तर पुरवणी करारातली मुदत कमीत कमी ठेवा, फेरफाराचे नोटिशीचे दिवस धरून.

मांजराकाठ, लातूर

हाव ताई, उद्याच करतो. वडिलांची सही घरी येऊन घेऊ. कागद आले की पानं मोजून इथं सांगतो, आणि भरपाईचं उत्तर आलं नाही तर ३० दिवस झाले की लोकपालाकडं टाकणार आहे, तेव्हा काकांना अर्ज दाखवीन.

निवृत्त बँकवाला, नांदेड

दाखवा. अर्जाची शिक्क्याची कॉपी, नो ड्यूज आणि शेवटच्या भरण्याचं स्टेटमेंट स्कॅन करून ठेवा, तक्रारीसोबत तीच लागतात.