सातपुड्याच्या दिशेला दिसलेला अग्निगोल: उल्का की रॉकेटचा तुकडा?

प्रश्न (चोपडा)
काल दिवेलागणीनंतर शेतात कापसाच्या गाठोड्या बांधत असताना उत्तरेच्या आकाशात शुक्रापेक्षा कितीतरी तेजस्वी, हिरवट पांढरा गोळा तिरकस उतरताना आम्हा सर्वांना दिसला. शेवटी त्याचे दोन-तीन तुकडे झाले आणि सातपुड्याच्या रेघेच्या थोडा वर तो विझला. हे सारे चार-पाच सेकंदांत आटोपले व आवाज मुळीच आला नाही. काही जण म्हणतात, तो डोंगरापलीकडच्या पाड्यांजवळ पडला; काहींना २०२२ चा गुढीपाडवा आठवला. जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (धुळे)
आपण कालावधी सांगितलात, हे फार चांगले झाले. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी दिसला तो चिनी रॉकेटचा टप्पा होता. सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर वेगाने, जवळजवळ आडवा वातावरणात शिरल्यामुळे त्याचे जळते तुकडे रांगेने बराच वेळ सरकताना दिसले आणि त्याचे धातूचे अवशेष चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात सापडले. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने येतात, म्हणून क्षणात संपतात. आपले वर्णन उल्केचेच आहे, आणि शुक्राहून तेजस्वी उल्केला अग्निगोल म्हणतात. ती क्षितिजापासून किती मुठी वर विझली? हात लांब केल्यावर मूठ साधारण १० अंश भरते. आपल्या भागात ध्रुव तारा सुमारे २१ अंशांवर, म्हणजे दोन मुठींवर असल्याने मूठ पडताळून पाहता येते.

प्रश्नकर्ता (चोपडा)
एक मूठ, अगदी ध्रुवाच्या खाली.

उत्तर (शहादा)
मलाही ती दिसली, पण ध्रुवाच्या उजवीकडे सुमारे दोन मुठी. दोन्ही गावांतून नकाशावर या दिशांच्या रेषा ओढल्यास त्या चोपड्याच्या उत्तरेस २०० किलोमीटरहून दूर, उज्जैनच्या वायव्येकडे मिळतात. मुठीच्या मापात चूक राहणारच, तरी उल्का ५० किलोमीटर उंचीवर विझली असे धरल्यास १० अंशांवरूनही अंतर २५० किलोमीटरच्या आसपास येते. तेव्हा पाड्यांवर शोध घेण्यात अर्थ नाही.

उत्तर (धुळे)
आवाज न येण्याचे कारणही हेच. ध्वनीला एका किलोमीटरला सुमारे तीन सेकंद लागतात, त्यामुळे ४० किलोमीटरवरच्या स्फोटाचा गडगडाटही दोन मिनिटांनी ऐकू येतो. लोक तोवर घरात परततात, म्हणून उल्का दिसल्यावर थोडा वेळ थांबून कान द्यावा. खानदेशात अशनी (जमिनीपर्यंत पोचलेले उल्केचे दगड) पडलेच नाहीत असे मात्र नाही: २९ जून १८४३ रोजी मानेगाव येथे पडलेला दगड डायोजेनाइट या दुर्मिळ प्रकारचा असून त्या प्रकाराचे मूळ वेस्टा या लघुग्रहाशी जोडले जाते. आपण दोघांनी उद्या त्याच जागी उभे राहून होकायंत्राने दिशा मोजावी आणि वेळेसह आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेच्या संकेतस्थळावर नोंदवावी. माळव्यातील कोणी पाहिले असल्यास त्यांचे निरीक्षण सर्वांत मोलाचे ठरेल.