सरांचा टॉवेल कुणाकडे आहे?

सर गेले त्याला परवा महिना होईल. दिवसभर गणित, शाळा सुटली की फुटबॉल. आठवेल ते इथं लिहा. 'थोर होते, वंदनीय होते' नको, ते शोकसभेत झालंय. प्रसंग लिहा.

माझ्यापासून सुरुवात. 18 जुलै 1994, सोमवार. पहाटेपर्यंत जागून वर्ल्ड कपची फायनल बघितलेली, बाजिओनं पेनल्टी बारवरून घालवलेली. पहिलाच तास गणिताचा, सगळ्यांचे डोळे लाल. सरांनी फळ्यावर प्रमाणात गोलपोस्ट काढला, रुंदी 7.32 मीटर. समोर 11 मीटरवर ठिपका, तिथून दोन्ही खांबांना रेषा. लाकडी कोनमापक लावून एकाला मोजायला लावलं. 37 अंशांच्या आसपास. ठिपका 22 मीटरवर सरकवला. 19. "आता कळलं का, लांबून का मारायचं नाही?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, मग बाजिओचं काय चुकलं? "कोन त्याला मिळाला होता बे. उंची चुकली. 2.44."

---

तो कोन दुसऱ्या बाजूनं मी भोगलाय, गोली होतो. सर दोन्ही खांबांना दोऱ्या बांधून बॉलपाशी एकत्र आणायचे आणि मला पुढं यायला सांगायचे. हात पसरले की दोन्ही दोऱ्या बोटांना लागल्या पाहिजेत, तोवर चालत राहायचं. रेषेवर थांबलो की ओरडा, "कुणाची वाट बघलालास बे?" दोऱ्या आमच्याच घरच्या, मागावरचं वाया गेलेलं सूत वळून केलेल्या. नान्ना, म्हणजे वडील, मला खेळू देत नव्हते. सर सोलापूरच्या पूर्व भागात, आमच्या तेलुगू विणकरांच्या वस्तीत घरी आले, मागाच्या खडखडाटात मोठ्यानं "बागुन्नारा?" (बरे आहात ना?) म्हणाले. नान्ना हसले आणि काम झालं. पुढं कळलं, सरांना तेलुगू तेवढंच यायचं.

---

मुलींची बाजूही येऊ द्या. आम्ही आठ जणी गेलो तेव्हा सर सरळ "खो-खो खेळा" म्हणाले होते. वाईट वाटलं, अजूनही थोडं वाटतं. चार दिवस रोज जाऊन नुसत्या कडेला उभ्या राहिलो. पाचव्या दिवशी न बोलता बॉल आमच्याकडे लाथाडला.

---

पावसाळ्यातल्या मॅचेस आठवतात का कुणाला? काळी माती कॅनव्हासला चिकटून एकेक पाय किलोचा व्हायचा. हाफटाइमला सर स्वतः पट्टीनं बूट खरवडायचे. तीच पट्टी दुसऱ्या दिवशी वर्गात आमच्या हातावर.

---

बिबचं, म्हणजे टीम ओळखायला शर्टावरून घालायच्या बंडीचं, कुणीच कसं लिहिलं नाही? पैसे नव्हते म्हणून सरांनी कारखान्यातून डागी टॉवेल आणले, मधोमध डोक्याएवढं भोक पाडलं, पाठीवर मार्करनं नंबर. सोलापूरचा एप्रिल, चाळीसच्या वर पारा, आणि अंगावर टर्किश टॉवेल! घाम पिऊन इतका जड व्हायचा की बिब काढला की आपण दोन फूट वर उडी मारू असं वाटायचं. प्रतिस्पर्धी शाळेची पोरं "आंघोळीला चाललालाव का?" म्हणायची. माझ्याकडे 4 नंबर अजून आहे, बायको त्यानं गाडी पुसते.

---

7 माझ्याकडे. गाडी पुसायला दिला नाही.

---

मी सगळ्या मॅचेस बाकावर बसून काढल्या. तीन वर्षं. सरांवर राग होता, खोटं कशाला बोलू. शेवटच्या मॅचला पाच मिनिटं उरली असताना त्यांनी मला उठवलं, एक टॉवेल गळ्यात घातला. घाईत त्याला भोक मोठं पडलेलं आणि नंबर टाकायचा राहिलेला. बॉल पायाला लागायच्या आत शिट्टी झाली.

रविवारी सगळे पार्कवर आपापले आणणार असाल तर बिननंबरचा मी घेऊन येतो.