टेबलबेसमधून काढलेली स्थिती ही रचना मानावी का?

उंटाची_तिरकी
बुद्धिबळातील अंतिम डावांच्या रचना-स्पर्धांत, म्हणजे मोजक्या मोहऱ्यांची कोडी रचण्याच्या स्पर्धांत, टेबलबेसमधून (अशा स्थितींचे अचूक निकाल साठवलेल्या संगणकीय संग्रहातून) शोधलेल्या स्थितींना वेगळा विभाग द्यावा, असा माझा प्रस्ताव आहे. राजांसह सात मोहऱ्यांपर्यंतच्या स्थितींचे अचूक निकाल २०१२ साली मॉस्कोच्या लोमोनोसोव्ह महासंगणकावर तयार झाले आणि त्या साठ्याला सुमारे १४० टेराबाइट जागा लागली. 'जिंकणारी खेळी एकच असावी' अशी अट घालून अशा साठ्यात शोध घेणारा आणि महिनोन्‌महिने पटावर मोहरी सरकवत कल्पना घडवणारा, या दोघांना एकाच तराजूत तोलणे मला अन्यायाचे वाटते. खेळाडू आणि रचनाकार रिचर्ड रेटीची १९२१ सालची रचना आठवा (एच८, सी६ ही पटावरील घरांची नावे): पांढरा राजा एच८, प्यादे सी६, काळा राजा ए६, प्यादे एच५. काळे प्यादे पांढऱ्या राजाच्या आवाक्याबाहेर गेले असे वाटत असतानाच पांढरा राजा जी७, एफ६ असा तिरका उतरतो, एकाच वाटेने काळ्या प्याद्याचा पाठलागही करतो आणि आपल्या प्याद्याच्या मदतीलाही जातो, आणि डाव बरोबरीत सुटतो. ही माणसाला सुचलेली गोष्ट आहे.

अडीच_घरे
आपण दिलेले उदाहरणच आपल्या प्रस्तावाच्या विरोधात जाते. रेटीच्या स्थितीत चारच मोहरी आहेत, म्हणजे ती आज टेबलबेसमध्ये आहेच. पण तिच्यापुढे तिथे फक्त 'बरोबरी' एवढाच शेरा असतो. तिरकी वाट सरळ वाटेइतक्याच खेळ्यांची असते आणि हे पाहून माणूस थक्क होतो, हे यंत्राला ठाऊक नसते. असंख्य स्थितींतून ती एक उचलणे हीच रचना आहे.

कल्पनाच मोलाची असते याचे आणखी एक उदाहरण: दिल्लीत राहणाऱ्या लव्हडे या पाद्र्याने 'शागिर्द' या नावाने पाठवलेले, चार खेळ्यांत मात करण्याचे कोडे १८४५ साली इंग्रज बुद्धिबळपटू स्टाँटनच्या मासिकात छापले गेले. त्यात उंट आधी एक घर ओलांडून मागे जातो, मग हत्ती नेमका त्याच घरात येऊन उंटाची वाट अडवतो, त्यामुळे कोंडलेल्या काळ्या राजाला हलायला जागा मिळते आणि हत्ती सरकताच मात होते. मूळ कोड्याला दुसरी उत्तरेही निघाली, तरी या कल्पनेला जगभर आजही 'इंडियन' म्हणतात. टिकली ती कल्पना. शिवाय स्थिती कुठून आली हे परीक्षकाला कळणार कसे? जो खरे सांगेल, तोच वेगळ्या विभागात जाईल.

जुना_सोडवणारा
मी सोडवणाऱ्यांच्या बाजूने लिहितो. १९७७ पासून भरणाऱ्या जागतिक सोडवणूक अजिंक्यपदात अंतिम डावांच्या फेरीत तीन कोड्यांसाठी शंभर मिनिटे असतात, आणि समोर केवळ पट व मोहरी. रचनेचा उगम मला महत्त्वाचा वाटत नाही. परंतु राजा बी३ ऐवजी ए३ वर का जावा, याचे कारण तीस खेळ्या पुढे दडलेले असेल, तर तिथे विचार खुंटतो आणि अंदाज सुरू होतो. अशी कोडी मला नकोत, मग ती कोणीही केलेली असोत.

उंटाची_तिरकी
उगम पडताळता येत नाही, हा मुद्दा मला मान्य आहे आणि वेगळ्या विभागाचा आग्रह मी सोडतो. त्याऐवजी मुख्य मार्गातील प्रत्येक एकमेव खेळीचे कारण रचनाकाराने शब्दांत लिहून द्यावे आणि 'टेबलबेस तसे दाखवतो' हे उत्तर ग्राह्य धरू नये.

अडीच_घरे
ज्याची पाळी त्याचेच नुकसान, अशा कोंडीच्या स्थितीत 'इथे पोहोचताना खेळी प्रतिस्पर्ध्याची असावी' एवढेच कारण देता येते. तेवढे पुरेसे मानणार असाल, तर या अटीला माझी हरकत नाही. त्याहून अधिक मागणार असाल, तर माणसांनी केलेल्या कित्येक उत्तम रचनाही बाद होतील.