मदत हवी आहे: भंगारवाल्याच्या भोंग्याचं काय करावं?

मंडळी, मी जळगावचा. मे महिन्यात दुपारी जेवून, कूलरमध्ये पाणी ओतून आडवं व्हायचं, एवढंच माझं सुख. पण डोळा लागतो न लागतो तोच गल्लीत भंगाराची रिक्षा शिरते. "जुना फ्रीज, मोडका कूलर, बंद पडलेली मिक्सर..." आवाज रेकॉर्ड केलेला, म्हणजे घसा बसायचीही सोय नाही. रिक्षावाला स्वतः मात्र कानात इअरफोन घालून निवांत!

ध्वनिप्रदूषण नियम, २००० वाचले. रहिवासी भागात दिवसा मर्यादा ५५ डेसिबल, शिवाय लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते. उत्साहाने बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही पहिले गच्चीवरच्या कुरडया उचला." शेजारचे नाना म्हणाले, "जाऊ दे ना भो, पोटासाठी फिरतो बिचारा." पोटाचं मलाही कळतं हो, पण आवाज निम्मा केला तर भंगार निम्मं मिळतं का? (नाना लग्नातल्या डीजेबद्दलही हेच म्हणतात.)

आता ११२ला फोन करण्याएवढं काही हे प्रकरण मोठं नाही, आणि भांडणही करायचं नाही. धुळे, अमळनेर, भुसावळकडच्या कुणी गोडीगुलाबीने दुपारी १ ते ४ भोंगा बंद करून घेतलाय का? नेमकं काय बोललात? कॉलनीच्या तोंडाशी पाटी लावून फरक पडतो का?

उपाय माहीत नसेल तर निदान "बरोबर आहे तुमचं" एवढं तरी लिहा. घरात कुणी म्हणत नाही.